चार वाजताची भैरवी

निर्वासितांच्या मदतीसाठी गाण्याचा जलसा करायचा असेल, तर सगळ्यात आधी निर्वासितांना राहत्या जागेतून बाहेर काढावं लागतं, हे शहाणपण मला छत्तिसाव्या वर्षी सांगलीत आलं. तोवर मी समजत होतो की मदत म्हणजे मदत. कंपनीत वाढलेला माणूस असा भाबडा राहतो.

कंपनी म्हणजे नाटक कंपनी. तिच्यात मी ऑर्गन वाजवत असे. बोलपट आले, कंपनी बुडाली, निम्मे नट कोल्हापूरच्या स्टुडिओत राजाच्या मागं भाले धरून उभे राहायला गेले आणि मी सांगलीत उरलो. सकाळी चार मुलींना त्यांची लग्नं जमेपर्यंत पेटी शिकवायची आणि उरलेला दिवस एका बंद पडलेल्या नाट्यगृहाची किल्ली सांभाळायची, एवढाच माझा संसार. लोक मला मास्तर म्हणत. चौथीसुद्धा धड पास नसलेल्या माणसाला पेटी वाजवता आली की आमच्याकडे तो मास्तर होतो.

अठ्ठेचाळीसचा पावसाळा संपता संपता त्या नाट्यगृहात सोळा सिंधी कुटुंबं राहायला आली. कराचीहून बोटीनं मुंबई, मुंबईहून कल्याणची छावणी, आणि तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून आमच्याकडे. मामलेदारानं किल्ली मागितली, मी दिली. आत खुर्च्या नव्हत्याच, त्या कधीच पाय फुटून गेल्या होत्या. पडदे तेवढे शिल्लक होते. मोठमोठे, रंगवलेले, एकेका प्रवेशाला लागणारे: जंगल, महाल, रस्ता, देऊळ. ते आम्ही दोरांवर आडवे-उभे बांधले आणि सोळा घरं केली. आठवड्याभरात पत्तेही पडले. कुणी महालात राहायचं, कुणी देवळात. जंगलातल्या कुटुंबांची भांडणं होत, पण महालातल्यांची जास्त होत.

दारावर कडेगावकडचा एक हवालदार होता. पलटणीतून सुटून आलेला, ब्रह्मदेश बघितलेला. पाहुण्यांशी तो पलटणीतल्या हिंदीत बोले आणि रोज सकाळी त्यांची हजेरी घेई. "जंगल?" म्हणून ओरडला की आतून पोरं ओरडत, "नौ हाजिर!" "महल?" "सात हाजिर, एक दूध लाने गया!" पोरांना तो खेळ वाटे. हवालदाराला वाटत नसे.

रंगमंचाच्या मागं एक खोली होती. कंपनीच्या दिवसांत तिथं नायिका तोंड रंगवत असे. अख्ख्या इमारतीत दार असलेली आणि दाराला आतून कडी असलेली ती एकच खोली. ती हवालदारानं एका तरुण जोडप्याला दिली, कारण बाई गरोदर होती. नवरा स्टेशनवर गळ्यात ट्रे अडकवून गोळ्या-बिस्किटं विकायचा. त्यांचं पहिलं मूल आदल्या वर्षी छावणीत झालं होतं. पोत्यांचा आडोसा, चहूकडे शे-दोनशे माणसं, आणि वारा. ते मूल राहिलं नाही. हे मला नवऱ्यानं सांगितलं, तेही कडीला घालायला तेल मागायला आला तेव्हा. "मास्टरजी, इस बार दरवाज़ा है," म्हणाला आणि तेलाची वाटी घेऊन गेला. बाई स्वतः फार बोलत नसे. संध्याकाळी ती कडी लावून बघायची, काढून बघायची, पुन्हा लावायची. शेजारी पेटीचे सूर साफ करत बसलो की मला तो आवाज यायचा.

आणि मग गावाला दया आली.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला आमच्याच मुलखात घरं जळाली होती. त्यांच्यासाठी जलसा करावा असं कुणाला सुचलं नव्हतं, कारण जळालेले आणि बघत उभे राहिलेले एकमेकांना नावानिशी ओळखत होते. कराचीचं दुःख त्या मानानं सोयीचं होतं. तेव्हा अकरा प्रतिष्ठित मंडळींची समिती झाली. अध्यक्ष एक नामांकित वकील. अकरापैकी एकाचंही पाऊल तोवर नाट्यगृहात पडलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची कळकळ अगदी ताजी होती. थंडी पडू लागली होती, पाहुण्यांकडे अंथरूण-पांघरूण नव्हतं. प्रत्येकानं घरातली एकेक वाकळ आणि शेजारची एकेक मागून आणली तर तासाभरात काम होईल, असं मी एकदा बोलून गेलो. वकीलसाहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "अशा कार्याला व्यापक दृष्टी लागते."

व्यापक दृष्टीनं असं ठरलं की सात दिग्गज गवई आणि गायिका एकाच दिवशी, एकाच मंचावर आणायच्या. तिकिटं लावायची. जमेल त्यातून पाहुण्यांना ब्लँकेटं घ्यायची. आता असा मंच अख्ख्या सांगलीत एकच होता, आणि त्याच्यावर महाल, जंगल आणि देऊळ नांदत होतं.

"तीन दिवसांचा तर प्रश्न," वकीलसाहेब म्हणाले. "एक दिवस चुना, एक दिवस खुर्च्या, तिसऱ्या दिवशी जलसा. चौथ्या दिवशी त्यांचं घर त्यांना. तुम्ही समजावून सांगा, तुमचं ऐकतात ते."

हवालदार दाराशी उभा राहून ऐकत होता. "म्हंजी ह्यास्नी भायेर काढायचं आनि ह्यांच्याच नावानं गानं लावायचं, व्हय?" तो म्हणाला. "आमच्या पलटनीत असला हुकूम आला असता तर आमी आदी सायबाचा ताप बघितला असता."

मग त्यानं दुसरी अडचण काढली. "परत कवा घ्यायचं ते लिवून द्या. तोंडी हुकूम मी मानत न्हाई."

वकिलाला लिहून द्यायला काय लागतं! त्यांनी तिथंच खिशातलं फाउंटनपेन काढलं आणि झोकात लिहिलं: 'जलसा समाप्त होताच निर्वासित कुटुंबांस विनाविलंब आत घ्यावे.' खाली सही. हवालदारानं कागदाची चौकोनी घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

मी नंदीबैलासारखा मान हलवत आत गेलो आणि सोळाही घरं उठवली. शेवटी मागच्या खोलीशी आलो. बाईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा हात कडीवर होता.

"तीन दिन," मी म्हणालो. "कमरा आपका ही है."

"पक्का?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द.

"पक्का," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

समितीतल्या एका व्यापाऱ्यानं आपलं हळदीचं गोदाम मोठ्या मनानं दिलं. मोठं मन म्हणजे हंगाम सरला होता आणि गोदाम निम्मं रिकामं होतं. एकच लांबलचक दालन, भिंतीला पोत्यांची थप्पी, पुढं दाराऐवजी सरकत्या फळ्या, त्यातून वारा. दोन दिवसांत सोळा कुटुंबांची धोतरं, पाय, पोरांचे कान, सगळं पिवळं झालं. रोट्यासुद्धा पिवळ्या. समितीतला एक रसिक सभासद बघायला आला आणि म्हणाला, "अरे वा, सोळा लग्नघरं!" दिवसभर तो स्वतःवर खूश होता.

तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. चुना दोन दिवसांत उरकला, खुर्च्याही आल्या. घोडं अडलं ते गाण्याच्या क्रमावर.

गाणाऱ्यांच्या जगात एक जुना नियम आहे. जो लहान तो आधी गातो, जो मोठा तो शेवटी. शेवटचा भैरवी म्हणतो, आणि भैरवी झाली की मैफल संपली. त्यानंतर साक्षात तुंबरू आला तरी त्यानं तंबोरा गवसणीत घालून घरी जायचं. आता समितीनं सातही दिग्गज बोलावलेले. म्हणजे सातही शेवटचे. पहिलं कुणीच नाही. एकानं कळवलं, निर्वासितांसाठी प्राण देईन, पण अमक्याच्या आधी गाणार नाही. एका बाईंनी कळवलं, मी कोणत्याही क्रमाला तयार आहे, फक्त माझ्यानंतर कुणी गाऊ नये.

वकीलसाहेबांनी वर्णानुक्रम सुचवला. ज्यांचं नाव 'अ'वरून होतं त्यांनी रेल्वेचं तिकीट परत पाठवलं. मग चिठ्ठ्या टाकायचं निघालं. त्यावर दुसऱ्यानं विचारलं, माझं गाणं म्हणजे काय गणेशोत्सवातली सोडत आहे का? जलशाची तारीख एकदा पुढं गेली, दुसऱ्यांदा गेली. दर वेळी मी गोदामात जाऊन सांगायचो, "और थोड़े दिन." नवरा मान डोलवायचा. बाई माझ्याकडे बघायची सुद्धा नाही. तिला नववा लागला होता.

शेवटी समितीनं डोकं लढवून जाहिरात गोल छापली. मधे एका रडणाऱ्या बाईचं चित्र. छापखान्यात केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा ठसा तेवढा शिल्लक होता, त्यामुळे बाईचे डोळे पाण्यानं भरलेले पण केस फार सुरेख. आणि तिच्या भोवती सात नावं गोल. पहिलं कुठलं, शेवटचं कुठलं, काही कळायची सोय नाही. लोक कोपऱ्यावर उभे राहून तो कागद हातात फिरवून फिरवून वाचत.

साताऱ्याच्या बुवांचा होकार आणायला मला पाठवलं. सातांमध्ये ते सगळ्यात म्हातारे, आणि माजोरी म्हणून अख्ख्या मुलखात प्रसिद्ध. एका जहागीरदाराकडे यजमान पान लावताना हसला म्हणून मधेच तंबोरा उचलून चालते झालेले. मी गेलो तेव्हा सून माहेरी गेली होती म्हणून बुवा ओसरीवर बसून वाटाणे सोलत होते.

"शेवटी कोण?" त्यांनी नमस्काराच्या आधी विचारलं.

"ते अजून ठरायचंय."

"म्हणजे मी नाही." एक शेंग फुटली. "कुणासाठी म्हणालास?"

"निर्वासितांसाठी."

"ते असणार का ऐकायला?"

"नाही. ते हळदीच्या गोदामात आहेत."

"का रे?"

"नाट्यगृहात राहत होते ते. जलशासाठी बाहेर काढलं."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली. "कुणी काढलं?"

खोटं बोलायला वाव होता. का कोण जाणे, बोललो नाही. "मीच," म्हणालो. आणि सुरू झालो तसा सगळंच बोलून गेलो, खोली, कडी, 'पक्का' सुद्धा. बुवांनी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. वाटाणे संपल्यावर टरफलं गोळा करत म्हणाले, "येतो. बिदागी नको. थर्डक्लासचं तिकीट पाठवायला सांग." मला वाटलं, म्हाताऱ्याला शेवटी बसायची आशा आहे.

जलशाच्या दिवसापर्यंत सातांचे चार उरले. एकाचा घसा बसला, एकाची मावशी वारली, एकाचं काहीच कळलं नाही. कोल्हापूरहून एक नटीही दोन शब्द बोलायला येणार होती. तिच्यासाठी समितीनं मागची खोली गुलाबी रंगवली, आरसा आणला, पलंग टाकला, गादी घातली. सकाळी नटीची तार आली, शूटिंगमुळे येणं अशक्य. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली वकीलसाहेबांच्या खिशात गेली.

जलसा दुपारी चारचा होता. चौघे दिग्गज म्हणजे रात्री दहापर्यंत निश्चिंती. पावणेचारला मी विंगेत बसून पेटीचा भाता पुसत होतो. चारही जणांच्या साथीला मीच. कंपनी बुडाल्यापासून अशी संधी मला मिळाली नव्हती आणि पुन्हा मिळणार नव्हती. शेजारी बुवा तंबोरे जुळवत होते आणि तंबोऱ्यावर बसणाऱ्या माणसाची खरडपट्टी काढत होते. एवढ्यात मागच्या दारानं नवरा आत आला. गुडघ्यापर्यंत हळद. गळ्यात ट्रे नव्हता.

कळा सुरू झाल्या होत्या. सुईण गोदामापर्यंत आली होती. बायका पासोड्या धरून आडोसा करायला तयार होत्या. पण बाई पोत्यांना पाठ लावून बसली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. "वो बोलती है, बोरी के पीछे नहीं," नवरा म्हणाला. "बोलती है, पहलेवाला वहीं मरा था. दरवाज़ा चाहिए." आणि मग, "कब ख़तम होगा, मास्टरजी?"

मी धावत वकीलसाहेबांकडे गेलो. ते हातात नारळ घेऊन पहिल्या रांगेतल्या कलेक्टरांकडे बघून हसत होते. मी खोलीची किल्ली मागितली.

"आत्ता?" ते कुजबुजले. "मास्तर, खोली मंचाच्या मागं आहे. इकडं गाणं चालू आणि मागून बाई ओरडणार? शोभेल का? दहाला संपेलच. तोवर जरा कळ काढायला सांगा तिला." हे वाक्य त्यांनी कसलाही विनोद न करता म्हटलं.

मी परत आलो आणि नवऱ्याला "दस बजे" म्हणून सांगितलं. तो मागं वळला. मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. मी कुलूप फोडायला हवं होतं. त्या वेळीही मला ते कळत होतं. पण मी भाता पुसत राहिलो, कारण मला त्या चौघांच्या साथीला बसायचं होतं. याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

"पेटी काळी एकमध्ये आहे ना?" बुवांनी विचारलं. त्यांनी दुसरं काही ऐकल्याचं मला दिसलं नाही.

एवढ्यात नारळ घेऊन वकीलसाहेब विंगेत आले आणि बुवांसमोर वाकले. "बुवा, आपण वयोवृद्ध, ज्ञानवृद्ध. या मंगल कार्याचा शुभारंभ आपल्याच कंठानं व्हावा अशी समितीची प्रार्थना आहे."

शुभारंभ म्हणजे पहिला नंबर. विंगेतल्या बाकीच्या तिघांनी एकदम खाली माना घातल्या. सत्तरीच्या गवयाला सगळ्यांच्या आधी बसवायचं म्हणजे आजोबांना पोरांच्या पंगतीला बसवण्यासारखं. आता तंबोरा उचलून म्हातारा स्टेशन गाठतो, असं मला वाटलं. बुवा हसले.

"करू की शुभारंभ," ते म्हणाले. "चला, उशीर नको."

पडदा उघडला. वकीलसाहेबांनी नमनालाच घडाभर तेल जाळायला घेतलं. सिंधू नदीपासून सुरुवात करून ते मानवतेपर्यंत आले, दोनदा डोळे टिपले, आणि तिसऱ्यांदा रुमाल काढणार तोच बुवांनी तंबोऱ्याला खूण केली. तारा वाजू लागल्या. लोकांनी सुटकेच्या टाळ्या दिल्या.

दुपारचे चार. बुवा त्या वेळेचा राग म्हणून मुलतानी धरणार हे मी मनाशी पक्कं केलेलं. मुलतानीतही रिषभ, गांधार, धैवत कोमल, त्यामुळे पहिले दोन-चार सूर मी डोळे मिटून मुलतानी समजूनच दिले. मग तीव्र मध्यम यायचा तिथं शुद्ध मध्यम आला. माझं बोट चुकलं. मी डोळे उघडले. तबलजी माझ्याकडे बघत होता. पुढच्या फिरतीत कोमल निषाद लागला आणि संशयाला जागा राहिली नाही. म्हातारा भैरवी गात होता. पहिलीच चीज, आणि भैरवी.

समोर दोन-तीन जाणत्यांनी एकमेकांना कोपरं मारली. विंगेत तिघं दिग्गज उभेच राहिले. मला वाटलं, वा! पहिलं बसवल्याचा सूड असा उगवला होय. पहिला नंबर देता काय, मग घ्या, हाच शेवटचा. असा राग आला की पेटी फेकावी. आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण तशी भैरवी मी आयुष्यात ऐकली नव्हती. गळा थकलेला होता, वरचा षड्ज कापत लागत होता, आणि तरी तो लागला की अंगावर काटा येत होता. एरवी घसा साफ करायला अर्धा तास घेणारे बुवा, वीस मिनिटांत त्यांनी आवरलं. हात जोडले. तंबोरा खाली ठेवला.

आणि लोक उठले. कुणी ठरवून उठलं नाही. पिढ्यान् पिढ्यांची सवय. भैरवी संपली की हात चपला शोधायला जातो. निम्मं नाट्यगृह उभं राहिलं, तेव्हा कुठं एकानं घड्याळ बघितलं. "अहो, साडेचारच झालेत!" "असू दे. भैरवी झाली की." कलेक्टरांना गाण्यातलं कळत नव्हतं; सगळे उठले म्हणून तेही उठले.

वकीलसाहेब विंगेत धावले आणि उरलेल्या तिघांतल्या गायिकाबाईंपुढं त्यांनी हात जोडले. बाईंनी शाल आवरती घेतली. "भैरवीवर मी गाऊ? म्हाताऱ्याच्या त्या भैरवीवर? मला काही जनाची मनाची आहे." दुसरे दोघं आधीच तंबोरे गवसणीत घालत होते, आणि फार आनंदात दिसत होते. कुणालाच कुणाच्या आधी गावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात मोठं दार करकरलं. हवालदारानं दोन्ही कवाडं भिंतीपर्यंत उघडली आणि मागच्या पायऱ्यांपर्यंत पोचेल अशी एकच हाक मारली, "लाव उसको! जल्दी!" नवरा उठून पळाला.

"काय करताय? दार बंद करा!" वकीलसाहेब ओरडले. "जलसा संपलेला नाही!"

हवालदारानं आतल्या खिशातून चौकोनी घडी काढली. "'जलसा समाप्त होताच विनाविलंब आत घ्यावे.' सही तुमचीच हाय न्हवं?"

"पण संपला कुठं?"

हवालदार गर्दीकडे वळला. "मंडळी, भैरवी झाली का न्हाई?"

"झाली!" अख्खं नाट्यगृह म्हणालं.

"मंग?" हवालदार म्हणाला.

तीस वर्षं कोर्टात उलटतपासणी घेतलेला माणूस खिशातला चष्मा काढून आपलीच सही तपासू लागला.

गोदाम दोन गल्ल्यांवर होतं. रसिक मंडळी पायऱ्या उतरत होती आणि समोरून बैलगाडी येत होती. गाडीत बाई, तिच्याजवळ सुईण, मागं डोक्यावर ट्रंका घेतलेली पिवळी माणसं. भरजरी लुगडी बाजूला सरली. गाडीवाल्यानं गाडी सरळ दाराला लावली आणि आम्ही तिला हाताला धरून मंचावरूनच मागं नेलं, बुवांची बैठक पसरलेली होती तिच्यावरून. खोलीच्या कुलपाची किल्ली वकीलसाहेबांच्या खिशात. हवालदारानं दगड घेतला. "हुकमात 'आत घ्यावे' हाय," तो म्हणाला, "किल्लीनं घ्यावे असं काय न्हाई." दुसऱ्या घावाला कुलूप तुटलं. बाई आणि सुईण आत गेल्या. दार मिटलं. आणि आतून कडीचा आवाज आला.

दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. रडली, मोठ्यांदा. नटीच्या गुलाबी खोलीत, नटीच्या गादीवर. महाल आणि जंगल तोवर पुन्हा दोरांवर चढले होते.

बुवा मागच्या पायऱ्यांवर टांग्याची वाट बघत बसले होते. समितीतलं कुणी त्यांच्याजवळ फिरकलं नव्हतं; समिती आत निषेधाचा ठराव लिहीत होती. मी त्यांचा तंबोरा घेऊन गेलो. मनात अजून राग होता, आणि आनंदही होता, त्यामुळे बोलणं तिरकस निघालं. "बुवा, तुमच्या रागापायी आज एका बाईचं भलं झालं."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तपकिरीची डबी चाचपत त्यांनी विचारलं, "कडी लागली का नीट?"

साताऱ्याच्या ओसरीवर मी एकदाच सांगितलं होतं, वाटाणे सोलता सोलता. आणि मघाशी विंगेत दोन हातांवर बसून त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला होता. जे करायची माझी छाती झाली नव्हती ते त्यांनी वीस मिनिटांत, जागेवरून न उठता केलं होतं. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले.

"मुलगी झाली," मी म्हणालो.

"बरं झालं." टांगा आला. चढता चढता ते थांबले. "हे बघ मास्तर, लोकांना माझा माजच सांग. दया सांगितलीस तर पुढल्या महिन्यात परत बोलावतील फुकट गायला."

मी शब्द पाळला. निदान तो एक तरी. जमलेल्या पैशातून चुना, खुर्च्या, हार, गुलाबी रंग आणि बाकीच्यांचा वरच्या वर्गाचा प्रवास वजा जाता जी ब्लँकेटं आली ती महालालाही पुरली नाहीत. काही रसिकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गर्विष्ठ गवयांच्या गोष्टी निघाल्या की चार वाजताची भैरवी अजून सांगतात, मानापायी म्हाताऱ्यानं गरिबांचं कार्य कसं उधळलं म्हणून. मी ऐकतो आणि सगळ्यांबरोबर हसतो. आता बुवा गेले, वकीलसाहेब गेले, नाट्यगृहही पाडलं. त्यांना फुकट गायला बोलावणारं कुणी उरलं नाही, म्हणून सांगितलं.